लग्नसराई सांभाळून फोटोग्राफीचा क्लास कसा चालवायचा

कोल्हापुरात स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे, लग्न-मुंज-बारशाची कामं आहेत, अधूनमधून चपला आणि चांदीच्या दागिन्यांचं प्रॉडक्ट शूट असतं. आता चार-पाच मुलं शिकवा म्हणून मागं लागली आहेत. क्लास सुरू केला तर धंद्याला फटका बसेल का, आठवडा कसा बसवायचा आणि शिकवायचं काय, कारण कॅमेऱ्याची बटणं तर मुलं मोबाइलवर बघूनच येतात, असा हा प्रश्न आहे.

क्लास जरूर सुरू करा. बटणांसाठी तुमची गरज उरलेली नाही हे खरं. पण दोन गोष्टी समोर माणूस असल्याशिवाय येत नाहीत: उजेड ओळखणं, आणि काढलेल्या शंभर फोटोंतून पाच वेगळे काढणं. दुसरी गोष्ट तर फारच थोड्या ठिकाणी शिकवली जाते. म्हणून क्लासचा निम्मा वेळ निवडीला राखून ठेवा आणि बाकी सगळं त्याची तयारी समजा.

आधी वेळेचं बघू. वार ठरवण्याआधी पंचांग उघडा. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, काढीव मुहूर्त सोडले तर लग्नं नसतात. आषाढीपासून गणपतीपर्यंत साधारण सात आठवडे सलग मिळतात. आठवड्याला दोन सत्रं, प्रत्येक सत्र दोन तासांचं, म्हणजे चौदा सत्रांत पायाभूत बॅच पुरी होते. गणपती-नवरात्रात तुम्हालाही काम असतं आणि मुलांनाही घरचं असतं, तेव्हा नवं काही सुरू करू नका. दुसरी संधी पौषात. मुहूर्त विरळ असतात, हवा कोरडी असते, गुऱ्हाळं जोरात असतात, म्हणून बाहेर नेऊन शिकवण्याची बॅच तेव्हा घ्या. भर सीझनमध्ये मुहूर्त कुठल्याही वारी येतो, त्यामुळे ठरलेला वार पाळता येत नाही. दोनदा वर्ग रद्द झाला की मुलं गळायला लागतात. त्या महिन्यांत फक्त पंधरवड्यातून एकदा निवडीची बैठक ठेवा.

बॅच आठ जणांची असू द्या. त्याहून जास्त मुलं असली तर निवडीच्या सत्रात प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटंसुद्धा येत नाहीत. आणि दोन तासांचं सत्र तुमचे सहा तास खातं, हे फी ठरवताना लक्षात असू द्या: दोन तयारीचे, दोन शिकवण्याचे, दोन मुलांचं काम बघण्याचे. फी नेहमी सहा तासांवर काढावी. दोन तासांवर काढली की पुढच्या वर्षी क्लास परवडत नाही म्हणून बंद पडतो.

पावसाळ्यात बॅच घ्यायची म्हणजे काचांना बुरशी लागण्याच्या दिवसांत सामान रोज उघडायचं. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवा. ६० च्या वर राहिला तर बुरशी धरते. फार खाली नेणंही बरं नाही, रबर आणि वंगण सुकतं. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात. लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत महिनोन्‌महिने ठेवू नका, पिशवीच ओल धरते. समोर टॉर्च धरून लेन्समधून आरपार बघितल्यावर आत केसासारखे बारीक धागे दिसले तर ती लेन्स लगेच वेगळी ठेवा आणि दुरुस्तीला पाठवा. पावसात हिंडून आलेले मुलांचे कॅमेरे तुमच्या डब्यात कधीही ठेवून घेऊ नका.

आता तुमच्या रोजच्या कामाबद्दल, कारण क्लास त्याच्यावरच उभा राहणार आहे. लग्नाहून आल्यावर कितीही उशीर झाला तरी कार्ड कॉपी केल्याशिवाय झोपायचं नाही. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण २५ ते ३० एमबीची असते. अडीच हजार फ्रेमचं लग्न म्हणजे सत्तर जीबीच्या आसपास. कॅमेऱ्यात दोन स्लॉट असतील तर दोन्हीकडं रॉ लिहा, कारण एकीकडं जेपेग ठेवून रॉचं कार्ड गेलं तर हळदीच्या पिवळ्या उजेडात जेपेगमधून चेहऱ्याचा रंग परत आणता येत नाही. दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी करून दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि आकार जुळवा, मधल्या चार-दोन फाइली उघडून बघा, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर फॉरमॅट केलेलं कार्ड ऐन मंगलाष्टकाच्या वेळी एरर देऊ शकतं.

तिसरी प्रत दुसऱ्या जागी हवी, आणि कोल्हापुरात ती दुसरी जागा उंचावर हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, दुधाळीसारख्या भागांत शिरलं होतं. तळमजल्यावरच्या स्टुडिओत दोन डिस्क एकाच टेबलाच्या खणात असतील तर त्या दोन प्रती धरायच्याच नाहीत. एक डिस्क वरच्या मजल्यावर, एक नातेवाइकाच्या घरी. फोल्डरला वर्ष, महिना, दिवस, मग घराण्याचं नाव असा क्रम द्या, म्हणजे यादी आपोआप तारखेनं लागते. मुलांना हे तिसऱ्या सत्रातच शिकवा आणि करून घ्या. एकाही मुलाला पुढं कुणाचं लग्न हरवल्याचा फोन करावा लागू नये.

क्लासचं पहिलं सत्र कॅमेऱ्याशिवाय घ्या. स्वतःचा कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात मुलांनी निदान एकदा कॅमेऱ्याच्या आत उभं राहावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. उन्हातल्या रस्त्याकडं तोंड असलेली एक खोली निवडा. खिडक्या-दारं काळ्या कार्डशीटनं आणि टेपनं पूर्ण बंद करा आणि एका खिडकीच्या शीटला एक सेंटिमीटरचं गोल भोक पाडा. आत गेल्यावर आठ-दहा मिनिटं गप्प बसायचं, डोळे सरावले की समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा दिसू लागतो. चित्र मऊ दिसतं, कारण भोक मोठं आहे. भोक लहान केलं तर चित्र धारदार होतं, पण इतकं अंधूक की दिसत नाही. अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक, मुलांना इथंच कळतं. मग चष्म्याच्या दुकानातून अधिक ०.५० नंबरची काच आणा, भोक अडीच सेंटिमीटरचं करा, काच त्यावर टेपनं चिकटवा आणि काचेपासून बरोबर दोन मीटरवर थर्माकोलची पांढरी शीट धरा. चित्र एकदम लख्ख होतं. शीट अर्धा मीटर पुढं-मागं केली की बिघडतं. फोकस म्हणजे काय, फोकल लेंग्थ म्हणजे काय, यावर वेगळं व्याख्यान लागत नाही. हा प्रयोग फसतो तो दोनच कारणांनी: दाराखालच्या फटीतून उजेड येतो, किंवा बाहेर ढग असतात. म्हणून आषाढातल्या बॅचमध्ये पहिलंच सत्र असा हट्ट धरू नका, ऊन पडेल त्या दिवशी घ्या.

दुसरं सत्र एका बल्बचं. उघडा ९ वॅटचा एलईडी बल्ब, काळा पडदा, खुर्चीत एक मुलगा. बल्बपासून एक मीटरवर एक्स्पोजर (फोटोला लागणाऱ्या उजेडाचं माप) घ्या, मग खुर्ची दोन मीटरवर न्या. उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप पडतात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत हा आकडा जुळत नाही, भिंतींवरून परत आलेला उजेड हिशेब बिघडवतो, म्हणून काळा पडदा. त्यानंतर बल्ब चेहऱ्याच्या समोर, पंचेचाळीस अंशांवर, बाजूला, मागं आणि खालून असा फिरवा, आणि प्रत्येक वेळी नाकाची सावली कुठं पडते एवढंच बोलायला लावा.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून चालतं. हे वाक्य मुलं पाठ करतात आणि विसरतात. म्हणून पांढरा टॉवेल, काळी छत्री आणि राखाडी कार्ड तिन्ही ऑटोवर काढायला लावा. तिन्ही फोटो सारखेच राखाडी आले की गोष्ट डोक्यात बसते. मग पांढऱ्या सदऱ्याला एक ते सव्वा स्टॉप वर आणि काळ्या पार्श्वभूमीला पाऊण स्टॉप खाली हे आपोआप सुचतं.

मे महिन्याच्या लग्नाचा धडा मात्र वेगळा आणि मोठा आहे. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य आपल्या जवळजवळ थेट डोक्यावर येतो, आणि तो येतो साडेबाराच्या सुमारास. नेमका तोच बऱ्याच मुहूर्तांचा वेळ. उघड्या लॉनवर तेव्हा डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाखाली मिशीसारखी सावली येते, आणि तांबड्या मातीचं अंगण असेल तर हनुवटीखाली लालसर झाक चढते. यावर एडिटिंगमध्ये इलाज शोधू नका. जोडप्याचे फोटो कार्यालयाच्या व्हरांड्यात, सावलीच्या काठावर घ्या: माणूस सावलीत, तोंड उजेडाकडं, पाठीमागं भिंत. जागा बदलता येत नसेल तर पांढरी शीट कमरेच्या उंचीवर समोरून धरा, किंवा फ्लॅश वापरा. फ्लॅश वापरताना बहुतेक कॅमेऱ्यांत शटर १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या पुढं नेलं तर हाय स्पीड सिंक (वेगवान शटरशी फ्लॅश जुळवणारी सोय) लागतं आणि फ्लॅशची ताकद झपाट्यानं घटते. त्यामुळे आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) १०० आणि लहान अॅपर्चर हाच पहिला मार्ग.

सूर्य कुठं मावळतो हे शिकवायला कोल्हापूरइतकं चांगलं गाव नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस सगळ्यांना माहीत असतात: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. दोन्ही वेळा मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. कॅलेंडरवर मोजायला लावा. नोव्हेंबरचे दिवस २१ डिसेंबरच्या जवळजवळ तितकेच आधी आहेत, जितके फेब्रुवारीचे नंतर. म्हणजे वर्षातून दोनदा सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. रंकाळ्याच्या चौपाटीवरून शालिनी पॅलेसच्या बाजूला मावळतीचा फोटो हुकला तर तीच रेघ पुन्हा कधी मिळेल, हे मुलं स्वतः काढू शकतात. मंदिरात परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही, हे मात्र त्याच वेळी स्पष्ट सांगा. पन्हाळ्यावरही तेच: किल्ला संरक्षित स्मारक आहे, व्यावसायिक शूटसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

पौषातल्या बॅचला तालमीत न्या. आधी एकटे जाऊन वस्तादांना भेटा, किती मुलं येणार आणि फोटो कशासाठी हे सांगा. चपला बाहेर, कुस्तीच्या मातीच्या हौद्यात पाय ठेवायचा नाही, फ्लॅश पूर्ण बंद. त्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती तयार केलेली असते आणि पैलवान तिला हात लावून नमस्कार करतात, हे मुलांना आधी माहीत असलं पाहिजे. एका वेळी चारच मुलं आत. हौद्याच्या काठावर मांडी घालून बसा, म्हणजे कॅमेरा पैलवानाच्या कमरेच्या उंचीवर येतो. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसती डोकी आणि पाठी दिसतात.

तालमीत उजेड कमी. एफ/२.८ वर, म्हणजे अॅपर्चर मोठं उघडून, १/५०० शटर ठेवलं तर आयएसओ ६४०० च्या घरात जातो. आणि इथंच पहिला घोटाळा होतो. एकापाठोपाठ दहा फ्रेम घेतल्या तर चार उजळ, चार काळपट आणि दोनांत आडवे पट्टे दिसतात. मुलांना कॅमेरा बिघडला असं वाटतं. कारण वर लावलेली एलईडी ट्यूब आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्त ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते आणि १/५०० शटरला त्यातला फक्त एक तुकडा मिळतो. उपाय तीन: कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, नाहीतर १/१०० वर या. १/१०० वर आयएसओ १२५० पर्यंत उतरतो, पण डाव टाकतानाचा हात हलतो. मग डावाच्या आधीचा क्षण पकडायचा: पकड बसलेली, दोघंही थांबलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या. त्या अर्ध्या सेकंदात १/१०० पुरतं. खिडकीतून कवडसा येत असेल तर त्याच्या समोरच्या बाजूला बसा. अंगावर माती टाकली की धूळ उजेडाविरुद्ध दिसते, उजेडाच्या बाजूनं बघितलं तर दिसत नाही.

गुऱ्हाळावर हाच उजेडाविरुद्धचा धडा वाफेसाठी. काहिलीच्या (रस उकळायच्या मोठ्या कढईच्या) पलीकडून ऊन येईल असे उभे राहा आणि गुळव्याच्या हाताला वाट मोकळी ठेवा. उकळता रस अंगावर उडाला तर भाजतं, म्हणून मुलं काहिलीपासून दोन हात लांबच. थंड कॅमेरा एकदम वाफेत नेला की काच धुरकटते. पुसत बसू नका, दहा मिनिटं बॅग उघडी ठेवून आतच राहू द्या.

जोतिबाच्या यात्रेला नवशिक्यांना नेऊ नका. गुलाल इतका बारीक असतो की झूम लेन्स आत-बाहेर करताना तो पंपासारखा ओढला जातो. न्यायचंच असेल तर एकच फिक्स लेन्स, पुढं फिल्टर, सगळ्या फटींवर कागदी टेप, वर पावसाळी कव्हर, आणि घरी येईपर्यंत लेन्स बदलायची नाही. साफ करताना आधी हवेचा फुगा, मग ब्रश, कापड अगदी शेवटी. तोंडानं फुंकर मारली की थुंकीनं गुलाल ओला होऊन काचेवर चिकटतो. एक्स्पोजरची अडचण वेगळी: साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-काळोखाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल आधीच भरून गेलेला असतो आणि गुलालाच्या जागी सपाट गुलाबी डाग येतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा आणि पाऊण स्टॉप खाली उतरा.

आता निवडीचं सत्र. प्रत्येकानं आपले पाच फोटो ४×६ च्या प्रिंटवर आणायचे, आणि त्यासोबत त्या दिवशीच्या सगळ्या फ्रेम लहान आकारात एका कागदावर. सगळ्या फ्रेम हव्यातच, कारण मुलानं निवडलेल्या फोटोच्या आधीचा किंवा नंतरचा फोटो बहुतेक वेळा जास्त चांगला असतो, आणि तो का सोडला याचं उत्तर हाच खरा धडा. प्रिंट टेबलावर मांडा. ज्याचे फोटो, त्यानं आधी काहीच बोलायचं नाही. फोटोसोबत गोष्ट ऐकली की बाकीचे गोष्टीलाच मार्क देतात. इतरांनी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: उजेड कुठून येतोय, चारही कडांवर काय आहे, आणि अर्धा सेकंद आधी दाबलं असतं तर काय मिळालं असतं. कडा बघण्याची सवय लागायला वेळ लागतो. नवऱ्याच्या कानामागून उगवलेला पंखा, अर्धी कापलेली करवली, मागं उभा कॅटरिंगवाला, हे सगळं मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही, प्रिंटवर पहिल्या नजरेत दिसतं. मग पाचाचे तीन करायला लावा, तिनाचा एक. रडकुंडीला येतात, पण इथंच डोळा तयार होतो. तुमच्या स्वतःच्या एखाद्या कामाच्या सगळ्या फ्रेमही टेबलावर ठेवा, फसलेल्यांसकट. एका चांगल्या फोटोमागं किती निकामी असतात हे त्यांना दिसलं पाहिजे.

प्रिंट काळपट येतात ही तक्रार हमखास येईल. स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून एडिट केलं की लॅबमधून अल्बम काळा येतोच. उजेड उतरवा आणि एक चाचणी प्रिंट पडद्याशेजारी धरून जुळवा. करिझ्मा अल्बमची १२×३६ इंचांची शीट ३०० डीपीआयला ३६०० बाय १०८०० पिक्सेल होते, फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या आणि चेहरा मधल्या घडीवर येऊ देऊ नका. एवढं एका सत्रात उरकतं.

क्लासच्या मुलांना लग्नाला फुकट सेकंड शूटर (जोडीचा फोटोग्राफर) म्हणून नेऊ नका. ग्राहकानं तुमच्या हाताचे पैसे दिलेले असतात आणि मुलाला तिथं चुकायची मुभा नसते, मग तो शिकणार कसा? पहिली तीन-चार कामं लाइट धरणं, कार्डांची नोंद ठेवणं आणि बॅटऱ्या बदलणं एवढंच द्या, आणि त्याचे पैसे द्या. अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. अक्षता उडत असताना मधे कुणाची पाठ येऊ न देणं, ही जबाबदारी मुलाला द्यावी. तिथं उभं राहून तो जे बघेल ते वर्गात सांगता येत नाही.

कागदपत्रांत हयगय नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो ग्राहक असतो, तुम्ही नव्हे. म्हणजे लग्नाचे फोटो वर्गात दाखवायचे, क्लासच्या जाहिरातीत वापरायचे, तर बुकिंगच्या कागदावरच एक ओळ घालून सही घ्या. ओळ साधी असू द्या: शिकवण्यासाठी आणि स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून वापरण्यास संमती आहे किंवा नाही, दोन चौकटी. नाही म्हणणाऱ्या घरावर जोर करू नका. वर्गात मुलानं स्वतः काढलेला फोटो मुलाचा आहे. तो क्लासच्या पत्रकावर टाकायचा तर त्याचीही परवानगी घ्या, आणि तो अठराच्या आतला असेल तर पालकांची सही घ्या. जीएसटीसाठी सेवेची वीस लाखांची मर्यादा मोजताना शूटची आणि क्लासची मिळकत एकाच पॅनवर एकत्र धरली जाते. त्यामुळे दोन्हींची पावतीपुस्तकं वेगळी असली तरी हिशेबाची वही एकच ठेवा, आणि मार्चच्या आत एकदा सीएंना दाखवून घ्या, कारण नंतर सीझन लागला की त्यासाठी वेळ मिळत नाही.